हेलिकेज, मानवी डीएनएवरील

डीएनएचे दोन पेड परस्परांपासून सोडवणाऱ्या विकरांचा वर्ग. ए-टी जोडीतील २ आणि जी-सी जोडीतील ३ हायड्रोजन बंध तोडण्यासाठी लागणारी ऊर्जा ही विकरे एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या जलापघटनातून (पाण्याने होणाऱ्या विघटनातून) मिळवतात. मानवी पेशीत अशी अनेक हेलिकेजे असतात आणि त्यांची मोटर, म्हणजे एटीपी वापरून विकराला पुढे सरकवणारा भाग, बरीचशी सारखी असते. तरीही एक निकामी झाले की दुसरे त्याची उणीव पुरती भरून काढत नाही, कारण मोटरीला जोडलेले भाग आणि साथीदार प्रथिने प्रत्येकाची वेगळी असतात.

बहुतेक हेलिकेजांत ही मोटर म्हणजे एकाच साखळीतील दोन गोलसर घटक. त्यांच्या मधल्या फटीत एटीपी बसते. एका घटकातील लायसीन त्याचे फॉस्फेट धरते, तर समोरचे आर्जिनीन ते तुटताना आधार देते. एटीपी बसले की फट मिटते, तुटले की उघडते आणि विकर पेडावर पुढे सरकते. डब्ल्यूआरएन या हेलिकेजमध्ये ५७७ व्या स्थानावरील हे लायसीन बदलून मेथिओनीन घातले की उकल थांबते. त्याच प्रथिनातील डीएनए कुरतडणारा भाग मात्र चालू राहतो.

डीएनएच्या प्रतिकृतीचे हेलिकेज कड्याच्या आकाराचे असते. एमसीएम२ ते एमसीएम७ या सहा प्रथिनांची दोन कडी जी१ टप्प्यात (प्रतिकृती सुरू होण्याआधी) दुपेडी डीएनएभोवती निष्क्रिय बसतात. एस टप्प्यात (प्रतिकृती होताना) प्रत्येक कड्याला सीडीसी४५ हे प्रथिन आणि चार प्रथिनांचे जीआयएनएस संकुल जोडले गेले की ११ प्रथिनांचे सीएमजी हे यंत्र तयार होते. आता कड्यात एकच पेड उरतो, दुसरा बाहेर पडतो, आणि यंत्र ३′→५′ दिशेने धावते (३′ आणि ५′ ही पेडाच्या दोन टोकांची नावे).

प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनवणे) आणि डीएनए-दुरुस्ती या दोन्हींत लागणाऱ्या टीएफआयआयएच संकुलात एक्सपीबी आणि एक्सपीडी ही हेलिकेजे शेजारी असतात. प्रतिलेखन सुरू होताना एक्सपीबीचे एटीपी-कार्य लागते. तिथे एक्सपीडी केवळ रचनेचा आधार असतो. अतिनील किरणांनी बिघडलेला भाग कापून काढताना मात्र एक्सपीडीने ५′→३′ दिशेने पेड उकलावेच लागतात.

रेकक्यू कुलातील पाच हेलिकेजांपैकी बीएलएम हे टोपोआयसोमरेज ३-अल्फा या पेड कापून पुन्हा जोडणाऱ्या विकराबरोबर गुंतलेले पेड सोडवते. ते नसल्यास ब्लूम लक्षणसमूह हा आनुवंशिक विकार होतो. भगिनी गुणसूत्रार्धांतील (गुणसूत्राच्या जुळ्या प्रतींतील) अदलाबदल सुमारे दहापट वाढते आणि कर्करोग कमी वयात जडतात. वर्नर लक्षणसमूह या अकाली वार्धक्याच्या विकारात डब्ल्यूआरएन बहुधा अर्धवटच बनते. केंद्रकात नेणारी खूण त्याच्या शेवटच्या टोकाजवळ असल्याने तुटलेले प्रथिन केंद्रकात पोचतच नाही. विशीतच केस पिकू लागतात, पुढे मोतीबिंदू होतो.

प्रयोगशाळेत क्रिया मोजताना एका पेडाला किरणोत्सारी फॉस्फरस-३२ची खूण लावतात आणि सुटा झालेला पेड पॉलिअॅक्रिलामाइड जेलवर वेगळा ओळखतात. ३′→५′ धावणाऱ्या विकराला चढायला ३′ टोकाला एकेरी शेपूट द्यावी लागते. मॅग्नेशियम नसेल तर काहीच उकलत नाही. क्रिया मॅग्नेशियम पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएने थांबवतात, पण सोबत प्रथिने उलगडणारे एसडीएस न घातल्यास प्रथिनाला चिकटलेला डीएनए जेलच्या खाचेतच अडकतो. सर्वांत फसवी अडचण म्हणजे सुटलेले पेड पुन्हा जुळणे. रेकक्यू कुलातीलच रेकक्यूएल४ स्वतःच पेड जोरात जुळवते, त्यामुळे ते उकलतच नाही असे बराच काळ वाटत होते. खुणेविना एकेरी डीएनए भरपूर घातल्यावर त्याची उकल दिसली.