मॅक्रोपिनोसायटोसिस

भोवतालचा द्रव, त्यात विरघळलेल्या पदार्थांसह, मोठ्या घोटांनी आत घेण्याची पेशींची क्रिया. वॉरन लुईस यांनी १९३१ मध्ये संवर्धित पेशींच्या चलच्चित्रणात ती टिपली आणि तिला ‘पिनोसायटोसिस’ म्हटले. ‘मॅक्रो’ हे विशेषण पुढे जोडले गेले. क्लॅथ्रिन या प्रथिनाचे अस्तर असलेल्या पुटिका (पटलाच्या लहान पिशव्या) सुमारे ०.१ मायक्रोमीटरच्या असतात, तर या क्रियेत बनणाऱ्या पुटिका ०.२ ते ५ मायक्रोमीटरच्या. फरक दिसतो त्याहून मोठा आहे: व्यास दहापट झाला की आत मावणारा द्रव हजारपट होतो.

वाढघटक (पेशीला वाढीचा संकेत देणारा रेणू) पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटला की रास हे प्रथिन सक्रिय होते. पीआय-३-कायनेज हा विकर (एन्झाइम) पटलातील पीआयपी-२ या मेदाचे पीआयपी-३ करतो. पाठोपाठ रॅक-१ हे प्रथिन जागे होते आणि स्कार/वेव्ह या प्रथिनसंकुलामार्फत तंतूंना फाटे फोडणाऱ्या एआरपी-२/३ ला कामाला लावते. अ‍ॅक्टिन या पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनाच्या तंतूंना फाटे फुटून पटल झालरीसारखे बाहेर ढकलले जाते. पण झालर म्हणजे द्रव धरणारा द्रोण नव्हे. द्रोणाचा आकार कसा येतो हे डिक्टिओस्टेलियम या अमीबात सर्वांत स्पष्ट दिसते: मधोमध पीआयपी-३ चा ठिपका आणि बरोबर त्याच्या कडेने स्कारचे कडे. त्यामुळे काठच वर चढतात, तळ जागीच राहतो.

खरी कसोटी द्रोण मिटून पुटिका होण्याची. रॅक-१ वेळेवर बंद व्हावे लागते. प्रकाशाने चालू-बंद होणारे रॅक-१ वापरून हे पाहता येते: ते सतत चालू ठेवले तर द्रोण अर्धवट अडकतो, बंद केले की काठ जुळतात.

मिटलेल्या पुटिकेवर आधी रॅब-५ आणि मग रॅब-७ हे प्रथिन येते. प्रोटॉन पंप तिचा आतला भाग आम्लधर्मी करतात. सोडियम व क्लोराइड बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जाते, पुटिका आक्रसते आणि लयकारिकेशी (पचन करणारा पेशीचा भाग) जोडली जाते. पिकफाइव्ह हा विकर रोखला तर हे आक्रसणे थांबते व पेशी फुगलेल्या रिक्तिकांनी भरते.

रोगप्रतिकार यंत्रणेतील अपक्व डेंड्रिटिक पेशी प्रतिजने (प्रतिकार चेतवणारे पदार्थ) हेरण्यासाठी ही क्रिया अखंड चालू ठेवतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगातील अनेक पेशी, रास उत्परिवर्तनामुळे, अशाच तऱ्हेने अल्ब्युमिन गिळतात व त्यातून अमिनो आम्ले मिळवतात. साल्मोनेला हा जीवाणू तर रॅकला आयते चेतवून स्वतःच आत शिरतो.

प्रयोगशाळेत मापन करताना ७० किलोडाल्टनचे चमकते डेक्स्ट्रान (मोठ्या रेणूची शर्करा) साधारण अर्धा तास ३७° से. ला देतात आणि थंड द्रावणाने नीट धुतात. बर्फावर ठेवलेला नमुना तुलनेला हवाच, नाहीतर पृष्ठभागाला चिकटलेले डेक्स्ट्रान आत गेल्यासारखे मोजले जाते. पुढे पटलाला छिद्रे पाडण्यासाठी डिटर्जंट वापरायचे असेल तर लायसिन जोडलेले डेक्स्ट्रान घ्यावे. साधे असल्यास ते पुटिकांतून धुऊन जाते. ईआयपीए हे रोधक सोडियम-प्रोटॉन अदलाबदल थांबवते. त्याने पटलालगतचा पेशीद्रव आम्ल होतो व रॅक थंडावते. मात्र त्याचे इतरही परिणाम होतात, म्हणून केवळ ईआयपीएवरून निष्कर्ष काढू नये.