वीरगळ (कोकण)

वीरगळ : लढाईत, गोधन सोडवताना किंवा गावाची राखण करताना मारल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ कोरून उभारलेली शिळा. शब्द कन्नडमधून आला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. कोकणात शिलाहार या मध्ययुगीन राजघराण्याच्या काळातल्या ‘गधेगाळा’शी त्याची नेहमी गल्लत होते. गधेगाळातला ‘गाळ’ म्हणजे शिवी. दान मोडणाऱ्याला दिलेला तो शाप असतो. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख या प्रकारातला. दोन्ही शिळांवर चंद्रसूर्य कोरतात, म्हणून झिजल्यावर त्या सारख्याच भासतात. चंद्रसूर्य असेपर्यंत तिथे दान टिकावे, इथे माणूस आठवावा.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, काही ठिकाणी शेजारी गाई. त्यावर झुंज. त्यावर अप्सरा त्याला वर नेताना. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो आणि शिळेच्या माथ्यावर कलश. पाथरवटाने घरच्यांच्या दुःखाला दिलेला हा क्रम फार मोलाचा आहे. रणात ज्याचा देह छिन्नभिन्न झाला, तोच वरच्या चौकटीत अखंड आणि शांत दिसतो. जे प्रेत घरी आले, किंवा समुद्रात गेल्याने आलेच नाही, त्याऐवजी हे रूप मागच्यांच्या हाती राहिले. सती गेलेल्या बाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या सतीशिळेला मात्र हेच लागू करणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. तिच्यावरचा कोपरात वळलेला, चुडा भरलेला हात गौरवाचा असला, तरी ज्या बाईचा शोक सांत्वावा तीच तिथे उरलेली नसते.

कोकणातला सर्वांत महत्त्वाचा समूह बोरिवलीजवळच्या एकसर येथील सहा वीरगळांचा. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरने तळ्याकाठच्या आंबराईतली ही रांग नोंदवली आणि तिला गुजराती वळणाने ‘पाळिया’ म्हटले. शिळा काळ्या दगडाच्या; त्यांतल्या चार सुमारे दहा फूट उंच, तीन फूट रुंद. दोहोंवर जमिनीवरची लढाई आहे. उरलेल्या चारांवर नौकायुद्ध : डोलकाठीची गलबते, बाजूला ओळीने वल्ही, वर शस्त्रे घेतलेले लोक. मध्ययुगीन कोकणी आरमाराचे इतके तपशीलवार चित्र अन्यत्र क्वचितच मिळते.

हे युद्ध कोणते, याविषयी मतभेद आहेत. मृताचे नाव सांगणारा वाचनीय लेख सोबत नसल्याने सगळा भर शैलीवर आणि इतिहासातल्या ज्ञात स्वाऱ्यांवर पडतो. एक मत माळव्याचा परमार राजा भोज याच्या कोकण स्वारीकडे बोट दाखवते. १०२० च्या त्याच्या ताम्रपटांत कोकणविजयाच्या पर्वाचा उल्लेख आहे. दुसरे मत देवगिरीचा यादव राजा महादेव (कारकीर्द सुमारे १२६१–७१) आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या संघर्षाचे. सोमेश्वराचा उरणजवळच्या चांजे येथील लेख शके ११८२ चा, म्हणजे १२६० चा आहे. त्यानंतर काही वर्षांतच, बहुधा १२६५ च्या सुमारास, तो समुद्रात बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो, की समुद्रात तरण्यात कुशल असूनही कोकणचा राजा सैन्यासह बुडाला. ही प्रशस्ती जेत्याच्या पदरी असलेल्या माणसाची, म्हणून ती जपून वापरावी. तरीही जमीन आणि समुद्र अशा दोन्ही ठिकाणच्या लढाया एकाच रांगेत याव्यात, हे दुसऱ्या मताला अधिक जुळते. ते खरे असेल तर एकसरच्या शिळा हरलेल्या बाजूच्या असण्याचा संभव आहे. राज्य बुडाले तरी आपल्या माणसांसाठी कुणीतरी एवढे दगड घडवून घेतले, ही गोष्ट मनाला भिडते.

गोव्यात कदंब राजघराण्याच्या काळातले वीरगळ आढळतात. जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात ते पाहता येतात आणि तिथेही नौकायुद्धाचे अंकन आहे. दक्षिण कोकणात जांभा मुबलक असला तरी तो सच्छिद्र. त्यावर बारीक नक्षी उमटत नाही आणि पावसाळ्यात कडा लवकर झिजतात.

अनेक गावांत वीराचे नाव विसरले गेले, पण शिळेची पूजा चालू राहिली. ती देवळाच्या आवारात किंवा देवराईच्या कडेला उभी असते. काही ठिकाणी ती राखणदार म्हणून ओळखली जाते, तिला नारळ देतात, गाऱ्हाणे घालतात. शेंदूर आणि तेलाचे थर चढून चौकटी बुजतात. अशा वेळी खालची गाय किंवा वरचे लिंग डोळ्यांपेक्षा बोटांना आधी सापडते.