ग्रॅच्युइटी बघते नोकरी, पेन्शनविक्री बघते वय

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या खात्यात दोन मोठ्या रकमा जमा होतात आणि घरात दोन्ही मिळून ‘रिटायरमेंटचे पैसे’ होऊन जातात. एक ग्रॅच्युइटी, दुसरी कम्युटेशनची, म्हणजे अंशराशीकरणाची. कार्यालयात तिला सरळ ‘पेन्शन विकणं’ म्हणतात. महालेखापालांकडून त्यांचे आदेशही वेगवेगळे निघतात, जीपीओ (ग्रॅच्युइटीचा) आणि सीपीओ (कम्युटेशनचा). तरी ‘दोन वर्षं उशिरा सुटलो असतो तर जास्त मिळाले असते का?’ याचं उत्तर दोन्हींसाठी एकच असेल, असं बरेच जण धरून चालतात. ते तसं नाही.

ग्रॅच्युइटीचं लवकर उरकता येतं. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीला शेवटच्या पगाराचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त साडेसोळा पगार. 33 वर्षं भरली की हा कोटा संपला. शिवाय वर एक मर्यादा: महाराष्ट्र शासनाने ती 1 सप्टेंबर 2024 पासून 14 लाखांवरून 20 लाख केली. या गणितात वय कुठेच येत नाही. दोन वर्षं जास्त नोकरी झाली तर एक पगार वाढेल, तोही 33 वर्षं आधीच भरली नसतील तर. हे पैसे झालेल्या नोकरीबद्दलचे. ते घेतले म्हणून पेन्शनमधला एक रुपयाही कमी होत नाही.

पेन्शन विकली की मात्र कमी होते. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग तुम्ही शासनाला देता, त्या बदल्यात एकरकमी पैसे घेता आणि पुढची 15 वर्षं तेवढी रक्कम दरमहा कापली जाते. किती पैसे मिळणार हे एका तक्त्यावरून ठरतं, आणि त्या तक्त्यात वयच बघितलं जातं. तेही आजचं नाही, पुढच्या वाढदिवसाचं. राज्य शासनात गट अ, ब आणि क मधले लोक 58 व्या वर्षी निवृत्त होतात, त्यांचं वय 59 धरतात. गट ड आणि केंद्राचे कर्मचारी 60 ला सुटतात, त्यांचं 61. (आपल्याकडे कितीतरी गुरुजींची जन्मतारीख 1 जून असते. हेडमास्तरांनी दाखल्यावर लिहिली ती! ते सगळे 31 मे रोजी घाऊक निवृत्त होतात.)

समजा मूळ पेन्शन 40,000 रुपये आहे. 40 टक्के म्हणजे 16,000, वर्षाचे 1,92,000. तक्त्यात वय 59 चा गुणक, म्हणजे या वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, 8.371, म्हणून हातात 16,07,232 रुपये. वय 61 चा गुणक 8.194, म्हणजे 15,73,248. पेन्शन तीच, विकलेला भाग तोच, फक्त दोन वर्षं उशीर, आणि 33,984 रुपये कमी. कारण उघड आहे. तक्ता 8 टक्के व्याज आणि आयुर्मान धरून बनवलेला आहे. वय जास्त, तर पुढे पेन्शन घेण्याची वर्षं कमी, म्हणून किंमत कमी.

पण कपातीची मुदत वय बघत नाही. 58 ला सुटलेला असो की 60 ला, दोघांचेही महिन्याला 16,000 कापले जातात आणि दोघांचेही 15 वर्षंच. म्हणजे 28,80,000 रुपये. कर्जासारखं मोजलं तर 58 वाल्याला सुमारे पावणेनऊ टक्के पडतात, 60 वाल्याला नऊच्या थोडं वर. शिवाय पहिल्याची पूर्ण पेन्शन साधारण 73 व्या वर्षी परत येते, दुसऱ्याची 75 व्या. माझ्या मते वयाचा खरा फटका इथे आहे, त्या 33 हजारांत नाही. ही मुदत 12 वर्षांवर आणा, अशी कर्मचारी संघटनांची मागणी आहे आणि मला ती रास्त वाटते.

मग विकूच नये का? असंही नाही. पेन्शनर मधेच गेला तर उरलेली वसुली तिथेच थांबते, कुटुंबनिवृत्तिवेतनातून काहीही कापत नाहीत. बँकेचं कर्ज असं माफ होत नाही. महागाई भत्ताही कमी झालेल्या पेन्शनवर न मिळता मूळ 40,000 वरच मिळतो. डोक्यावर घराचा हप्ता असेल तर मी विकेन.

उशिरा विकायचं ठरवलंत तर वयाची अट आणखी कडक होते. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. वर्ष उलटलं की लागते, आणि गुणक तेव्हाच्या वयाचा. प्रकृती बरी नसेल तर तपासणारे डॉक्टर खऱ्या वयात काही वर्षं मिळवूनही धरू शकतात, म्हणजे रक्कम अजून खाली.

खासगी कंपन्यांतल्या कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-95 मध्येही पूर्वी पेन्शन विकता यायची, पण तिथे वयाचा तक्ता नव्हता. विकलेल्या भागाच्या सरसकट 100 पट मिळायचे. ती सोय सप्टेंबर 2008 मध्ये बंद झाली. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा नंतर लागलेल्यांचा एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) हिशेब वेगळाच, हा तक्ता तिथे लावू नका.

एक तारीख मात्र पीपीओच्या (पेन्शनच्या आदेशाच्या) झेरॉक्सवर लिहून ठेवा: कपात कोणत्या महिन्यापासून सुरू झाली ती. 15 वर्षं तिथून मोजतात, निवृत्तीच्या दिवसापासून नाही. आदेश सहा महिने रखडला, तर पूर्ण पेन्शनही तेवढीच पुढे जाते.