केनेडी–मिसिसिपी ध्वनिमुद्रणे आणि दप्तर

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन फिट्झजेरल्ड केनेडी (१९१७–६३) आणि मिसिसिपी राज्याचे राजकारणी, विशेषतः गव्हर्नर रॉस बार्नेट (१८९८–१९८७), यांच्या व्यवहारांची नोंद जपणारा अभिलेखसाठा. यात दूरध्वनीवरील संभाषणांची ध्वनिमुद्रणे, बैठकांच्या टेप, न्यायखात्याने टिपून घेतलेली संभाषणे, तारा, पत्रे आणि पुढे घेतलेल्या मुलाखती येतात. मुख्य साठा बॉस्टन येथील केनेडी राष्ट्राध्यक्षीय ग्रंथालयात आहे. राज्याच्या बाजूचे कागद मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथील राज्य अभिलेखागारात आहेत. साठ्यातला सर्वांत बोलका भाग सप्टेंबर १९६२च्या अखेरच्या चार-पाच दिवसांचा आहे. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळावा की नाही, यावरून त्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष आणि गव्हर्नर यांच्यात उघड संघर्ष आणि गुप्त वाटाघाटी एकाच वेळी चालल्या होत्या.

मराठी वाचकाने येथे ‘गव्हर्नर’ म्हणजे आपला राज्यपाल असे समजू नये. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो. राज्याचे पोलीस त्याच्या हाताखाली असतात आणि मतदारांपुढे त्याला स्वतःचे तोंड दाखवायचे असते. अधिकाराच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. हे ध्यानात ठेवले नाही, तर बार्नेट फोनवर इतके आढेवेढे का घेत होते हे कळत नाही.

पार्श्वभूमी

केनेडी आणि मिसिसिपीचे जमणे मुळातच अवघड होते. १९६०च्या निवडणुकीत या राज्याची आठ निर्वाचक मते बार्नेट यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार असूनही केनेडींना मिळाली नाहीत. बार्नेट यांच्या पाठिंब्याने निवडून आलेल्या ‘अबद्ध’, म्हणजे कोणत्याही उमेदवाराला आधी न बांधलेल्या, निर्वाचकांनी ती व्हर्जिनियाचे सेनेटर हॅरी बर्ड यांच्या पारड्यात टाकली. दुसरीकडे मिसिसिपीचे सेनेटर जेम्स ईस्टलँड १९५६पासून सेनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. संघराज्याच्या न्यायालयांवरील प्रत्येक नेमणूक त्यांच्या टेबलावरून जात असे, त्यामुळे त्यांना दुखावणे केनेडींना परवडणारे नव्हते. केनेडींनी १९६१मध्ये मिसिसिपीच्या दक्षिण जिल्ह्यात न्यायाधीश म्हणून विल्यम हॅरल्ड कॉक्स यांना नेमले. कॉक्स हे ईस्टलँड यांचे महाविद्यालयातले खोलीसोबती होते आणि नागरी हक्कांच्या खटल्यांत त्यांनी पुढे सरकारलाच हैराण केले. ही देवाणघेवाण टेपवर नाही. ती घडली तेव्हा टेपयंत्रणाच बसलेली नव्हती.

मेरेडिथ हवाईदलात नऊ वर्षे नोकरी करून आले होते. केनेडींच्या शपथविधीनंतर, जानेवारी १९६१मध्ये, त्यांनी ‘ओल मिस’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाकडे अर्ज मागवला. प्रवेश नाकारला गेला. कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी त्यांचा खटला लढवला, जून १९६२मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी उरल्यासुरल्या स्थगित्या उठवल्या. १३ सप्टेंबरला बार्नेट यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले, की आपण गव्हर्नर असेपर्यंत मिसिसिपीतल्या एकाही शाळेत गोरे-काळे एकत्र बसणार नाहीत. त्यानंतर विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडून त्यांनी प्रवेशाचे अधिकार स्वतःकडे घेतले आणि मेरेडिथ यांना दोनदा स्वतः अडवले, एकदा विद्यापीठाच्या गावी, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला, आणि एकदा जॅक्सनला. तिसऱ्या वेळी लेफ्टनंट (म्हणजे उप) गव्हर्नर पॉल जॉन्सन वाटेत उभे राहिले. २८ तारखेला अपील न्यायालयाने बार्नेट यांना अवमानाबद्दल दोषी धरले. २ ऑक्टोबरपर्यंत आदेश न पाळल्यास अटक आणि रोजचा दहा हजार डॉलर दंड असा तो हुकूम होता.

यंत्रणा

केनेडींनी १९६२च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसचे रॉबर्ट बाऊक यांच्याकडून ध्वनिमुद्रणाची सोय करून घेतली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात आणि मंत्रिमंडळाच्या खोलीत मायक्रोफोन दडवले गेले. टेप फिरवणारी यंत्रे तळघरात होती. फोनसाठी वेगळी व्यवस्था होती, ‘डिक्टाबेल्ट’ची. हा प्लॅस्टिकचा पातळ, गोल पट्टा असतो. त्यावर सुईने खाच उमटते आणि एका पट्ट्यावर साधारण पंधरा मिनिटांचे बोलणे मावते. पट्टे चपटे करून ठेवले गेले, त्यामुळे घडीच्या जागी आवाजात खटके येतात. खाच पडण्याची ही रीत अशी की वरून पुसून नवे भरता येत नाही, आणि संशोधकांच्या ते पथ्यावर पडले.

बटण दाबायचे की नाही हे केनेडी स्वतः ठरवत. म्हणून हा साठा अखंड नोंद नव्हे. एका माणसाला जे राखावेसे वाटले ते यात आहे. सगळे मिळून सुमारे २६० तासांचे मुद्रण झाले, त्यात दूरध्वनीचा वाटा अगदी थोडा. पलीकडच्या माणसाला मुद्रणाची कल्पना नसे. वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या टेपचा बोभाटा झाल्यावर, १९७३मध्ये, केनेडींच्याही टेप आहेत हे ग्रंथालयाने जाहीर केले. मिसिसिपीविषयीची संभाषणे १९८०च्या दशकात खुली झाली. केनेडींचे कागद देणगीपत्राने सरकारकडे आले आहेत. राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे ही जनतेची मालमत्ता ठरवणारा कायदा १९७८चा, म्हणजे त्यांच्या नंतरचा.

सप्टेंबर १९६२ची संभाषणे

२७ सप्टेंबरची संभाषणे राष्ट्राध्यक्षांची नसून त्यांचे धाकटे भाऊ, ॲटर्नी जनरल (न्यायखात्याचे प्रमुख) रॉबर्ट केनेडी यांची आहेत. ती वाचताना हा तमाशाच वाटतो. बार्नेट मेरेडिथ यांना आत सोडायला तयार होते; अट एवढीच, की संघराज्याच्या मार्शलांनी (न्यायालयांचे आदेश बजावणाऱ्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी) आधी पिस्तुले काढावीत, म्हणजे आपण बळापुढे वाकलो असे मतदारांना सांगता येईल. मग घासाघीस सुरू झाली ती पिस्तुले किती जणांनी काढायची यावर. रॉबर्ट केनेडींचे म्हणणे, एकाने काढले की पुरे, बाकीच्यांनी हात नुसता म्यानावर ठेवावा. बार्नेट यांना सगळ्यांनी काढायला हवी होती. एकाच पिस्तुलापुढे मान तुकवली हे लोकांना कसे पटणार? त्या दिवशी मेरेडिथ यांचा ताफा निम्म्या वाटेवरून परत फिरवावा लागला. गर्दी वाढली होती आणि ती आवरण्याची खात्री बार्नेट देईनात.

शनिवारी, २९ तारखेला, राष्ट्राध्यक्ष स्वतः फोनवर आले. त्या दिवशी तीन संभाषणे झाली आणि ती डिक्टाबेल्टवर आहेत. केनेडींचा सूर अदबीचा आहे. त्यांचा मुद्दा असा : या माणसाला मी विद्यापीठात घातलेले नाही, पण न्यायालयाचा आदेश पार पाडणे मला राज्यघटनेने भाग आहे आणि ते तुमच्या मदतीने व्हावे असे मला वाटते. बार्नेट आपल्या शपथेचा हवाला देतात, मी पेचात सापडलो आहे म्हणतात आणि जॅक्सनचे वकील टॉम वॉटकिन्स यांच्यामार्फत काही तोडगा निघतो का पाहू म्हणतात. मग निरोप घेता घेता ते राष्ट्राध्यक्षांचे आभार मानतात, ते मिसिसिपीच्या कुक्कुटपालन योजनेत लक्ष घातल्याबद्दल! देशात यादवीची भाषा चालू असताना कोंबड्यांचा विषय निघतो. याकडे नुसता विनोद म्हणून पाहणे पुरेसे नाही. संघराज्याच्या पैशावर राज्य किती अवलंबून होते आणि भांडणातही ते नाते तुटू नये याची गव्हर्नरांना किती काळजी होती, ते त्या एका वाक्यात ऐकू येते.

त्या दिवशी ठरलेला बेत असा होता : सोमवारी बार्नेट आणि त्यांची गर्दी ऑक्सफर्डला दारात उभी राहील आणि इकडे जॅक्सनमध्ये मेरेडिथ यांची नोंदणी गुपचूप उरकली जाईल. मग ‘फसवले, फसवले’ म्हणून ओरडायला बार्नेट मोकळे. पण रात्री जॅक्सनच्या मैदानावर विद्यापीठाचा केंटकीशी फुटबॉल सामना होता. मध्यंतरात बार्नेट मैदानावर गेले आणि मूठ उंचावून ‘माझे मिसिसिपीवर प्रेम आहे, इथल्या लोकांवर, इथल्या रूढींवर प्रेम आहे’ असे म्हणाले. प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतले. त्यानंतर काही तासांत त्यांनी फोन करून बेत मोडला.

मध्यरात्रीनंतर केनेडींनी मिसिसिपीचे नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव लष्करी दल संघराज्याच्या ताब्यात घेणाऱ्या आदेशावर सही केली. ही कथा टेपवर नाही. न्यायखात्याचे नॉर्बर्ट श्लाय यांनी मौखिक इतिहासासाठी दिलेल्या मुलाखतीत ती आहे. ज्या टेबलावर सही झाली ते यादवी युद्धात दक्षिणेला हरवणाऱ्या उत्तरेचे सेनापती जनरल ग्रँट यांचे. ‘हे पत्रकारांना सांगू नका’, असे केनेडी म्हणाले. दक्षिणेत त्याचा अर्थ काय निघेल हे त्यांना पुरते ठाऊक होते.

रविवारी सकाळी रॉबर्ट केनेडींनी ठेवणीतले अस्त्र काढले. राष्ट्राध्यक्ष रात्री दूरचित्रवाणीवर बोलतील आणि तुम्ही शब्द देऊन फिरवलात हे देशाला सांगतील, आमच्याकडे सगळे उतरवून घेतलेले आहे, असे त्यांनी बार्नेट यांना सुनावले. बार्नेट गयावया करू लागले, कृपा करून ते बोलू नका. त्याच संध्याकाळी मेरेडिथ यांना विद्यापीठाच्या आवारात येऊ देण्याचे त्यांनी कबूल केले. न्यायालयाचा दंड, अटकेची धमकी, लष्कर या कशाने जे साधले नव्हते ते नोंदीच्या भीतीने साधले. दप्तरात पडून राहणारा कागद इथे भर लढाईत उपयोगी पडला, आणि या साठ्याचे वेगळेपण माझ्या मते यातच आहे.

पण तडजोडीला उशीर झाला होता. मेरेडिथ बॅक्स्टर हॉल या वसतिगृहात पोहोचले. मार्शल लायसियम या मुख्य इमारतीभोवती उभे होते आणि जमाव त्यांच्यावर तुटून पडला. अश्रुधूर सुटला तेव्हा केनेडींचे भाषण सुरू होण्याच्या बेतात होते. त्यांनी मिसिसिपीच्या शौर्याच्या परंपरेला आवाहन केले. तिकडे दगड, बाटल्या आणि पुढे गोळ्या चालत होत्या. मंत्रिमंडळाच्या खोलीतली टेप त्या रात्रीची आहे. ऑक्सफर्डहून उपॲटर्नी जनरल निकोलस कॅट्झनबाख यांचे निरोप येतात, लष्कर अजून पोहोचले नाही म्हणून केनेडी चिडतात, मध्येच कडवट थट्टा होते. ‘पिग्ज उपसागरानंतर इतकी मजा आली नव्हती’, असे राष्ट्राध्यक्ष म्हणतात. क्यूबातली ती फसलेली स्वारी सुमारे दीड वर्षापूर्वीची होती. बार्नेट फोनवर सुचवतात, की मी ऑक्सफर्डला जातो आणि ध्वनिवर्धकावरून सांगतो, की मेरेडिथला हलवायला तुम्ही कबूल झाला आहात. केनेडी त्यांना तिथेच अडवतात. बाहेर दंगल चालू असताना मेरेडिथ यांना हलवणे त्यांच्याच जिवावर बेतेल, आधी शांतता प्रस्थापित करा, असे ते बजावतात. राज्याचे पोलीस तोवर आवारातून निघून गेले होते.

त्या रात्री पॉल गिहार हे फ्रेंच वार्ताहर आणि रे गंटर हे स्थानिक रहिवासी गोळ्या लागून मरण पावले. दीडशेहून अधिक मार्शल जखमी झाले, त्यांतल्या २८ जणांना गोळ्या लागल्या होत्या. मध्यरात्र उलटल्यावर लष्कर आले. १ ऑक्टोबरला सकाळी मेरेडिथ यांची नोंदणी झाली. ऑगस्ट १९६३मध्ये ते पदवीधर झाले. बार्नेट यांच्यावरची अवमानाची कारवाई १९६५मध्ये सोडून देण्यात आली.

वाचनातील अडचणी

टेपचे लिखित पाठ अनेक आहेत आणि ते तंतोतंत जुळत नाहीत. बार्नेट यांची बोलण्याची लकब लांबण लावणारी, दोघे एकमेकांचे बोलणे तोडणारे, त्यात पट्ट्याची खरखर. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने राष्ट्राध्यक्षांच्या टेपचे पाठ नव्याने सिद्ध करण्याचे काम अंगावर घेतले आहे. तरी शक्यतो आवाजच ऐकावा. कागदावर बार्नेट बावळट दिसतात. ऐकताना मात्र वेळ काढण्यात मुरलेला वकील समोर येतो. उलट केनेडींना मुद्रण चालू असल्याचे माहीत होते, तेव्हा त्यांचे समजूतदार बोलणे थोडे तोलून घ्यावे लागते. मेरेडिथ यांचा स्वतःचा आवाज या संभाषणांत कुठेच नाही. दोन्ही बाजू त्यांच्याविषयी बोलतात, त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

राज्याच्या बाजूचे दप्तर

मिसिसिपी विधिमंडळाने १९५६मध्ये ‘सार्वभौमत्व आयोग’ स्थापन केला. वंशविभाजन टिकवण्यासाठी हा आयोग नागरिकांवर पाळत ठेवी, खबरे पोसे आणि प्रचार करी. गव्हर्नर त्याचे पदसिद्ध अध्यक्ष. म्हणजे केनेडींशी गोड बोलणारे बार्नेट त्याच काळात या यंत्रणेच्याही शिरोभागी होते. १९७३मध्ये गव्हर्नर विल्यम वॉलर यांनी आयोगाचा पैसा रोखला, १९७७मध्ये विधिमंडळाने तो बरखास्त केला आणि कागद २०२७पर्यंत मोहोरबंद ठेवण्याचा कायदा केला. त्याविरुद्धचा खटला वीस वर्षे चालला. ज्यांच्यावर पाळत होती त्यांची नावे उघड करावीत की झाकावीत यावर खुद्द वादींमध्येच मतभेद झाले. अखेर मार्च १९९८मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सुमारे सव्वा लाख पाने खुली झाली. बॉस्टनच्या टेपमधले बार्नेट आणि जॅक्सनच्या फायलींतले बार्नेट आता शेजारी ठेवून पाहता येतात.