उत्तम दस्तऐवजीकरण (वैद्यकीय संशोधन)

नवे औषध, लस किंवा उपचार माणसांवर तपासताना काय केले, काय आढळले आणि ते कोणी, केव्हा लिहिले हे पुढे कोणालाही पडताळता येईल अशा रीतीने नोंदवून ठेवण्याची पद्धत. 'लिहिले नाही ते झालेच नाही' हे या क्षेत्रातले घोषवाक्य आहे. पण साइटवर, म्हणजे चाचणी चालते त्या रुग्णालयात, काम करणाऱ्याला खरी अडचण येते ती उशिरा लिहिलेल्या नोंदींची. नोंद कागदावर असते, सहीही असते, पण ती कधी झाली याचा भरवसा देता येत नाही.

पद्धतीचा आधार 'ई ६' हे वैद्यकीय चाचण्या कशा कराव्यात याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. औषधांच्या नियमांत देशोदेशी सारखेपणा आणणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते १९९६ मध्ये स्वीकारले, २०१६ मध्ये त्यात भर घातली आणि २०२५ च्या जानेवारीत त्याची तिसरी आवृत्ती आली. भारतात 'नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९' लागू आहेत. गंभीर दुष्परिणाम घडला तर चोवीस तासांच्या आत प्रमुख संशोधकाने तो औषध नियंत्रक, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि नीतिशास्त्र समिती (सहभागींचे हित पाहणारी समिती) यांना कळवायचा असतो. त्यामुळे केसपेपरवर तारखेसोबत वेळही लागते.

नोंद कशी असावी हे 'अल्कोआ' (ALCOA) या पाच इंग्रजी आद्याक्षरांत सांगितले जाते : कोणी केली ते कळावे, वाचता यावी, घडले त्याच वेळी लिहिलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनातील स्टॅन वूलेन यांनी १९९० च्या दशकात ही अक्षरे जुळवली. पुढे संपूर्ण, सुसंगत, टिकाऊ आणि हवी तेव्हा मिळणारी हे चार गुण जोडले गेले.

या साऱ्यांत 'त्याच वेळी' सर्वांत अवघड. जुनाट वेदना असलेल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००२ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांनी दिवसातून तीनदा ठरलेल्या वेळी कागदी डायरी भरायची होती. डायरी केव्हा उघडली जाते हे टिपणारा प्रकाशसंवेदक तिच्या आवरणात बसवला होता. रुग्णांच्या लेखी ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या. संवेदकाच्या हिशेबाने वेळेवरच्या नोंदी निघाल्या ११ टक्के. काही दिवशी तर डायरी उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांची पाने भरलेली होती. वेळेचे बंधन पाळायला लावणारी इलेक्ट्रॉनिक डायरी वापरणाऱ्यांत हे प्रमाण ९४ टक्के होते. यात रुग्णांचा दोष काढण्यात अर्थ नाही. भेटीच्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बसून मागचे दोन आठवडे आठवणीने भरणे हा माणसाचा स्वभाव आहे. तो गृहीत धरूनच डायरी आखावी लागते.

कर्मचाऱ्यांकडूनही तेच घडते. गर्दीच्या ओपीडीत नर्स रक्तदाब मोजते, हाताशी असलेल्या चिठोऱ्यावर लिहिते, दुपारी नीट अक्षरात केसपेपरवर उतरवते आणि चिठोरा फेकून देते. फेकला तो कागदच खरा 'सोर्स', म्हणजे मूळ नोंद, होता. उरली ती नक्कल. म्हणून तो चिठोराही सही-तारखेसह फाइलला लावतात. त्याहून बरे म्हणजे पहिल्यापासून केसपेपरवरच लिहिणे. ईसीजीच्या कागदावरील रेषा काही वर्षांत पुसट होतात, म्हणून त्याची छायाप्रत काढून तिच्यावर सही व तारीख घालतात आणि दोन्ही कागद जपतात.

चूक दुरुस्त करताना जुन्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. शेजारी नवा आकडा, आद्याक्षरे, दुरुस्तीच्या दिवसाची तारीख आणि गरजेप्रमाणे कारण. व्हाइटनर, खाडाखोड, गिरवणे आणि पेन्सिल वर्ज्य. मागची तारीख घालून सही करणे सर्वांत गंभीर. राहून गेलेली गोष्ट आजच्या तारखेने 'उशिरा केलेली नोंद' म्हणून लिहिता येते आणि ती तशी लिहिण्यात कमीपणा नाही.

संमतीपत्र हा सर्वांत नाजूक दस्तऐवज. सहभागीने सही स्वतः करायची आणि तारीखही स्वतःच घालायची. मराठी संमतीपत्रावर अनेकजण देवनागरी अंक लिहितात. प्रायोजकाच्या वतीने नोंदी तपासणाऱ्या, पण मराठी न वाचणाऱ्या मॉनिटरला ४ हा इंग्रजी आठसारखा आणि १ नऊसारखा दिसू शकतो, मग संमतीआधीच रक्त घेतल्याचा आक्षेप निघतो. अशा वेळी रुग्णाच्या अक्षराला हात लावायचा नाही. संमती केव्हा, कोणी समजावली, रुग्णाने काय विचारले आणि प्रत दिली का, याचा परिच्छेद केसपेपरवर असेल तर शंका तिथेच मिटते. वाचता न येणाऱ्या सहभागीच्या अंगठ्यासोबत निष्पक्ष साक्षीदाराची सही लागते. हा साक्षीदार चाचणीच्या चमूतील नसावा.

संमतीपत्रावरील सहीचे मोल खम्मम जिल्ह्यात (तेव्हा आंध्र प्रदेश, आता तेलंगणा) दिसले. २००९ मध्ये तिथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. प्रकल्प २०१० मध्ये थांबवण्यात आला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संमतीप्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे झाले. २०१५ मध्ये ही सक्ती नव्या औषधी रेणूंच्या चाचण्यांतील दुर्बल गटांपुरती मर्यादित झाली. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरील औषधांसाठी केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे मानले गेले.

बनावट नोंदी बहुधा जास्तच स्वच्छ असतात. सगळ्यांच्या रक्तदाबाच्या आकड्याच्या शेवटी शून्यच असते, एकच पेन, एकच अक्षर, एकही रुग्ण भेट चुकवत नाही. टेलिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या २४ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत अलाबामातील एका डॉक्टरने एकटीने चारशेंहून अधिक रुग्ण दाखल केल्याचे दाखवले होते. बनावटपणा उघड झाल्यावर तिला ५७ महिन्यांची कैद झाली.

चाचणी संपली तरी कागद संपत नाहीत. नीतिशास्त्र समितीने आपली कागदपत्रे किमान पाच वर्षे ठेवायची असतात, संशोधकाला अनेकदा त्याहूनही अधिक काळ ठेवावी लागतात. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढलेल्या खोलीत ओल आणि वाळवी या दोन्हींपासून खोकी वाचवावी लागतात. खोलीची किल्ली कोणाकडे आहे आणि कोणते खोके केव्हा बाहेर काढले, याचीही वही ठेवतात.