कोऱ्या ओळीनंतर प्रॉक्सी मुकी

ऑफिसातून बाहेरच्या एसएफटीपी (फाइल सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत) सर्व्हरवर फाइल चढवायची आहे, पण थेट वाट नाही. जे जाईल ते प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या मध्यस्थ सर्व्हरमधून. मग शंका येतेच, की मधली प्रॉक्सी आपला पासवर्ड वाचणार का?

प्रोग्राम आधी गाठतो तो प्रॉक्सीला (स्क्विड हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर असेल तर बहुधा ३१२८ पोर्टवर; पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक). तिला एक उघडी ओळ पाठवतो: 'कनेक्ट', सर्व्हरचं नाव, २२. हे २२ एसएसएचचं, म्हणजे दोन यंत्रांमधलं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीचं पोर्ट, आणि एसएफटीपी चालतं ते एसएसएचवरच. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. तेव्हा २१ फाइल पाठवणाऱ्या एफटीपीकडे होतं, २३ दूरच्या यंत्रावर लॉगिन करणाऱ्या टेलनेटकडे; दोन्ही पासवर्ड उघडाच पाठवत. मधलं रिकामं २२ त्यांनी मागून घेतलं. ज्यांना घालवायचं, त्यांच्याच मधोमध बिऱ्हाड!

प्रॉक्सी राजी असेल तर '२००' म्हणते, मग एक कोरी ओळ, आणि तिथून पुढे मुकी. इकडचे बाइट तिकडे, तिकडचे इकडे, बस. बोलणं कुलूपबंद करणारी किल्ली ठरते ती प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यात. प्रॉक्सीला कळतं ते एवढंच: माल कुठे गेला, कधी, किती. तिनं सर्व्हरचं सोंग घेतलंच, तर होस्ट-की (आपल्याकडे नोंदलेली सर्व्हरची ओळख-किल्ली) जुळत नाही आणि बिंग फुटतं. म्हणूनच नमुना कोडमधली होस्ट-की तपासणी बंद करणारी ओळ जशीच्या तशी उचलणं मला धोक्याचं वाटतं.

त्या कोऱ्या ओळीनं मला एकदा अख्खी दुपार रडवलं. पायथॉनमध्ये प्रॉक्सीचं उत्तर मी एका घासात १०२४ बाइट वाचत होतो. पण एसएसएच सर्व्हर कुणाची वाट बघत नाही; जोडणी झाली की 'एसएसएच-२.०' अशी स्वतःची ओळख लगेच पाठवतो. ती त्याच घासात आली आणि मी ती गिळली. पॅरामिको (पायथॉनची एसएसएच लायब्ररी) बिचारी त्या ओळखीची वाट बघत बसली आणि शेवटी बॅनर (म्हणजे तीच ओळख) वाचता येत नाही म्हणून रुसली. एकेक बाइट वाचून कोऱ्या ओळीशी थांबलो, तेच सॉकेट (प्रॉक्सीशी उघडलेली जोडणी) 'सॉक' म्हणून पॅरामिकोच्या हाती दिलं, आणि फाइल गेली.

'२००'ऐवजी '४०७' आलं तर प्रॉक्सीला तिचा स्वतःचा पासवर्ड हवा आहे. '४०३' (मनाई) आलं तर कोड उकरत बसू नका: स्क्विडच्या मूळ सेटिंगमध्ये 'कनेक्ट'ला परवानगी फक्त ४४३ साठी असते, २२ साठी नेटवर्कवाल्यांना फोन लावावा लागतो.