सहीची हजेरी, बटणाचं मत: माजी खासदाराचं प्रगतिपुस्तक वाचताना

खासदारकीची मुदत संपली किंवा निवडणूक हरली, की त्या माणसाच्या पाच वर्षांचा हिशेब मांडायची लाट येते. पहिला आकडा ठरलेला असतो: हजेरी अमुक टक्के. समर्थक तो अभिमानाने फिरवतात, विरोधक त्यावरून टोमणे मारतात. मग कुणीतरी विचारतं, 'ते विधेयक आलं तेव्हा साहेब कुठल्या बाजूला होते?' इथे गाडी अडते. हजेरीच्या आकड्यात या प्रश्नाचं उत्तर नसतं, कारण हजेरी आणि मत या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या होतात वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या कारणांसाठी. तरी आपल्याकडे पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधला जातो.

आधी हजेरी. लोकसभेत 2026 च्या सुरुवातीपर्यंत सभागृहाबाहेरच्या लॉबीत हजेरीपट असायचा, पुढे टॅबही आले, आणि सदस्य तिथे सही करायचा. या सहीचा सरळ संबंध पैशाशी आहे. खासदारांचे पगार, भत्ते आणि पेन्शन 1954 च्या कायद्याने ठरतात. बैठकीच्या दिवसाचा दैनिक भत्ता हवा असेल तर सही लागते. हा भत्ता आधी 2,000 रुपये होता, 1 एप्रिल 2023 पासून तो 2,500 झाला. सही करून दहा मिनिटांत बाहेर पडलेला आणि रात्री उशिरापर्यंत बाकावर बसून राहिलेला, दोघांचाही त्या दिवशीचा हजेरीचा आकडा सारखाच. मंत्री आणि विरोधी पक्षनेता यांना ही सही करावी लागत नाही. त्यामुळे पाचपैकी तीन वर्षं मंत्री राहिलेल्या माजी खासदाराची हजेरी पाहिलीत, तर ती फक्त उरलेल्या दोन वर्षांची असते. हे न सांगता आकडा फिरवणारे पुष्कळ भेटतात.

राज्यघटनेचं कलम 101(4) सांगतं की परवानगीशिवाय साठ दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिक्त जाहीर करू शकतं. ऐकायला कडक वाटतं. पण त्या साठ दिवसांत सभागृह संस्थगित (म्हणजे अधिवेशन संपलेलं) असल्याचा किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकूब असल्याचा काळ धरत नाहीत. मध्येच एक दिवस येऊन सही केली की मोजणी मोडते. म्हणून हजेरी अगदी कमी असलेला सदस्यही मुदत आरामात पूर्ण करतो.

याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकर. 2012 ते 2018 या काळात ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. हजेरी दहा टक्क्यांच्याही खाली. त्यावरून 2014 मध्ये सभागृहातच गदारोळ झाला. डिसेंबर 2017 मध्ये ते बोलायला उभे राहिले, तेव्हा गोंधळामुळे बोलताच आलं नाही. सदस्यत्व संपताना त्यांनी सहा वर्षांचा पगार आणि भत्ते, जवळपास 90 लाख रुपये, पंतप्रधान मदत निधीला दिले. हजेरी कमी होती, हे खरंच. पण 'मग त्यांची मतं कुठल्या बाजूला पडली' हे त्या टक्केवारीतून कुणालाच सांगता यायचं नाही.

आता मत. संसदेत बहुतेक ठराव आणि विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. पीठासीन अधिकारी प्रश्न मांडतात, बाकांवरून होकार-नकाराचे आवाज येतात, आणि कुठला आवाज मोठा हे तेच ठरवतात. या पद्धतीत कुणाच्याही नावापुढे काहीही लिहिलं जात नाही. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे: 12 नोव्हेंबर 2014 रोजी विधानसभेत फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानेच मंजूर झाला होता. कोण बाजूने होतं आणि कोण विरोधात, यावर नंतर कितीतरी दिवस वाद चालला. त्याचं उत्तर नोंदीत नव्हतंच.

नावानिशी नोंद हवी असेल तर एखाद्या सदस्याने मतविभागणी मागावी लागते. मग घंटा वाजते. लोकसभेच्या नियमांप्रमाणे साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडला जातो आणि तरीही आक्षेप राहिला तर यंत्रावर मतं घेतात: हिरवं, लाल किंवा तटस्थ राहायचं असेल तर पिवळं. या यादीत प्रत्येकाचं नाव असतं आणि ती त्या दिवसाच्या कामकाजाच्या वृत्तांतात छापली जाते. पण मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात. मग आकडा मिळतो, नावं मिळत नाहीत. घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत सिद्ध करावं लागतं, म्हणून तिथे मतविभागणी होतेच.

त्यामुळे भारतीय माजी खासदाराची मतांची नोंद शोधायला बसलात, तर पाच वर्षांत मोजकीच ठिकाणं सापडतील. पण ती ठिकाणं बोलकी असतात. 20 सप्टेंबर 2023 रोजी महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं. त्या दोघांपैकी एक असदुद्दीन ओवैसी, दुसरे औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. जलील 2024 मध्ये हरले आणि माजी झाले. त्यांची हजेरी किती होती हे आठवणारा सापडणार नाही, पण त्या दिवशीचं मत कायमचं नोंदलेलं आहे. ते पटो न पटो, मतदाराला जाब विचारायला निदान काहीतरी हातात आहे.

हजेरी आणि मत एकमेकांपासून किती लांब असू शकतात, हे 17 एप्रिल 1999 ला दिसलं. वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270, म्हणजे एका मताने पडलं. त्या वेळी गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता. ते आले आणि विरोधात मत देऊन गेले. त्याच दिवशी नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश मोडून सरकारविरोधात मत दिलं आणि पक्षाने त्यांची हकालपट्टी केली.

सोझ अपवाद म्हणूनच लक्षात राहतात. 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली, आणि तेव्हापासून व्हिपविरुद्ध (पक्षादेशाविरुद्ध) मत देणं किंवा तटस्थ राहणंसुद्धा सदस्यत्वावर बेतू शकतं. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर सुटका. म्हणून भारतात मतविभागणीची यादी मिळाली तरी ती वाचताना एक प्रश्न सोबत ठेवावा लागतो: हे मत माणसाचं की पक्षाचं? माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा पक्षाचंच. माणूस बटण दाबतो, इतकंच.

ब्रिटनमध्ये चित्र नेमकं उलटं आहे. इंग्रजीतून तिथली माहिती वाचून तीच सवय इथे लावणाऱ्यांचा गोंधळ त्यातूनच होतो. हाऊस ऑफ कॉमन्स हजेरीच ठेवत नाही. पण मतविभागणी तिथे वारंवार होते, आणि मत देण्यासाठी कोण होकाराच्या लॉबीतून चालत गेलं व कोण नकाराच्या, हे नावानिशी प्रसिद्ध होतं. त्यामुळे तिथल्या माजी खासदाराबद्दल 'इतक्या टक्के मतदानात भाग घेतला' असं वाचायला मिळतं आणि लोक त्यालाच हजेरी समजतात. तीही चूक. सभापती मतदान करत नाहीत. शिन फेन या उत्तर आयर्लंडमधल्या पक्षाचे सदस्य शपथच घेत नाहीत. दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य आपसांत ठरवून मतदानाला दांडी मारू शकतो, म्हणजे निकालावर परिणाम होत नाही. तटस्थ राहण्याची अधिकृत नोंद नाही, म्हणून काहीजण दोन्ही लॉबींतून चालून जातात. मात्र बंडखोरीची किंमत वेगळी आहे: सप्टेंबर 2019 मध्ये ब्रेक्झिटवरून सरकारविरोधात मत देणाऱ्या 21 हुजूर खासदारांना संसदीय पक्षातून काढलं, पण त्यांची खासदारकी गेली नाही. साहजिकच तिथलं मत त्या माणसाबद्दल जास्त सांगतं.

प्रगतिपुस्तकात खासदाराने विचारलेल्या प्रश्नांची संख्याही असते, तिच्याबद्दल थोडक्यात. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, आणि कुणाचे घ्यायचे हे सोडतीने ठरतं. म्हणजे आकड्यात नशिबाचाही वाटा असतो. आणि प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर 2005 मध्ये 11 खासदार बडतर्फ झाले, हे विसरू नये.

पैशाच्या रकान्यात तर याहून मोठी गल्लत होते. भत्ता खासदाराच्या खात्यात जातो, खासदार निधी जात नाही. 1993 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासन करतं. 2011-12 पासून वर्षाला 5 कोटी. 'खासदाराने 25 कोटी खाल्ले' आणि 'खासदाराने 25 कोटी आणले' ही दोन्ही वाक्यं त्यामुळे तितकीच कच्ची. 2019 ते 2024 या लोकसभेच्या सदस्यांना तर 25 कोटी मिळालेच नाहीत, कारण कोविडमुळे एप्रिल 2020 मध्ये योजना थांबवली होती. नोव्हेंबर 2021 मध्ये ती परत सुरू झाली तेव्हा त्या वर्षासाठी 2 कोटीच ठरले. या काळातल्या माजी खासदाराचा निधी 25 कोटींच्या हिशेबाने मोजून त्याला निष्क्रिय ठरवणं हा अन्याय आहे.

ब्रिटिश खर्चाच्या यादीत पुन्हा वेगळाच सापळा. 2009 चा खासदारांच्या खर्चाचा घोटाळा गाजला तो तळ्यातल्या बदकांच्या घराच्या बिलाने (ते बिल मंजूर झालंच नव्हतं, ही तळटीप कुणी सांगत नाही). त्यानंतर 2010 पासून खासदारांचे खर्च स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेले. आता जो मोठा आकडा दिसतो त्यातला सर्वांत मोठा भाग खासदाराच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा असतो. हरलेल्या खासदाराच्या नावावर निवडणुकीनंतरही खर्च दिसतो, तो कार्यालय आवरण्याचा.

आपल्याकडे लोकसभेच्या माजी खासदाराचा न वापरलेला निधी त्याच मतदारसंघातल्या नव्या खासदाराच्या हिशेबात जातो. म्हणून आजच्या खासदाराच्या खर्चाचे आकडे मांडायचे असतील, तर त्यात आधीच्याची शिल्लक किती होती हे आधी वेगळं काढावं लागतं.